सायंकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी

धाकट्या भाऊजींच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ प्रेसमधून आलं, त्या दिवशी नेमके सगळे जण घरी होते. पहिला मान अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर मराठी शिकवलं, हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. वर्तमानपत्रातली ऱ्हस्व-दीर्घाची चूकसुद्धा पेन्सिलीनं दुरुस्त केल्याशिवाय पुढच्या बातमीवर जात नाहीत. त्यांनी पत्रिका दोनदा वाचली. मग ह्यांनी वाचली, मग भाऊजींनी, मग मी. एक वेलांटी सोडली तर सगळं ठीक होतं. तेवढ्यात जाऊबाईंची लेक, तेव्हा तिसरीत होती, पत्रिका घेऊन कोपऱ्यात बसली आणि अक्षरांवर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. मध्येच थांबली.

"काकू, सायंकाळी अकरा कधी वाजतात गं?"

सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यांचं चाललंय ना? मध्ये बोलू नये." ती उठून खेळायला गेली आणि प्रूफ प्रेसला परत गेलं.

पाचशे पत्रिका छापून आल्या. पहिली देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पाकिटांवर नावं घालायला बसलो, तर शेजारच्या वहिनी हसतच म्हणाल्या, "अगं बाई, रात्रीचं लग्न आहे होय?" बघते तर काय, मुहूर्त सायंकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी! मग काय, घरातले सगळे पेनं घेऊन बसले आणि पाचशे ठिकाणी खोडून 'सकाळी' लिहिलं.

अण्णा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. "मी तिथं 'सकाळी'च वाचलं होतं," एवढंच म्हणत राहिले. मला ते पटलं, कारण मीही 'सकाळी'च वाचलं होतं.

पुढे विमान अपघातांविषयी वाचताना अण्णांचं हे वाक्य मला पुन्हा भेटलं. वेगळ्या भाषेत, पण तेच. हजारो तास विमान चालवलेली माणसं चौकशी समितीपुढे सांगतात की आम्हाला तिथं धावपट्टीच दिसली होती. ती खोटं बोलत नसतात.

आपल्याला वाटतं, डोळे म्हणजे कॅमेरा. जे समोर आहे ते आत जातं. पण तसं होत नाही. डोळ्यांकडून मेंदूला अर्धीमुर्धी माहिती मिळते, उरलेलं तो आपल्या मागच्या अनुभवावरून भरून काढतो. म्हणून तर आपण पेपर भराभर वाचू शकतो, अंधारात स्वयंपाकघरातलं बटण बरोबर दाबतो. रोजच्या कामात ही केवढी सोय! पण ज्या दिवशी समोरचं चित्र नेहमीपेक्षा वेगळं असतं, त्या दिवशी हाच मेंदू नेहमीचं चित्र दाखवून मोकळा होतो. विमानवाले याला 'एक्स्पेक्टेशन बायस' म्हणतात. आपल्याकडे रानात वाट चुकून माणूस त्याच त्या जागी फिरत राहिला की चकवा लागला म्हणतात ना, तसा हा नजरेला लागलेला चकवा. फरक एवढाच की हा चकवा नवख्यापेक्षा रुळलेल्या माणसाला जास्त लागतो. ज्याला काय दिसणार हे आधीच माहीत आहे, त्यालाच!

७ जुलै २०१७ची रात्र. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं विमान उतरत होतं. आत प्रवासी आणि कर्मचारी मिळून १४० माणसं. बारा वाजायला चार-पाच मिनिटं कमी होती, हवा स्वच्छ होती. मुख्य पायलटच्या गाठीला सुमारे २०,००० तासांचा अनुभव.

या विमानतळावर दोन धावपट्ट्या शेजारी शेजारी आहेत, २८ डावी आणि २८ उजवी. त्यांना उजव्या पट्टीवर उतरायचं होतं. उजव्या पट्टीच्याही उजवीकडे टॅक्सी-वे आहे. टॅक्सी-वे म्हणजे विमानांनी जमिनीवरून रांगेनं सरकत धावपट्टीकडे जायचा रस्ता. आपल्या एसटी स्टँडवर गाड्या फलाटाला लागायला आतल्या वाटेनं येतात ना, तशी ती आतली वाट. तिथं उतरायचं नसतं.

त्या रात्री कामासाठी डावी धावपट्टी बंद होती. तिचे दिवे मालवलेले होते. म्हणजे वरून पाहणाऱ्याला दोनच उजळलेल्या वाटा दिसणार, एक उजवी धावपट्टी आणि दुसरी तो टॅक्सी-वे. पायलटांच्या मनात चित्र पक्कं होतं: दोन पट्ट्या दिसतील, त्यातली उजवी आपली. त्यांना दोन दिसल्या, त्यांनी उजवी धरली. हिशेब चोख, पण ती निघाली आतली वाट. आणि तिथं उड्डाणासाठी चार मोठी विमानं, भरलेली, टाक्या इंधनानं गच्च, एकामागे एक उभी होती.

धावपट्टी बंद असल्याची सूचना त्यांना मिळाली नव्हती का? मिळाली होती. २७ पानांच्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर ती होती. शाळेतून येणाऱ्या सूचनांचे कागद, बँकेचे फॉर्म, गॅसच्या पुस्तकामागचे नियम आठवा. महत्त्वाची ओळ बिनमहत्त्वाच्या ओळींत अशी काही मिसळून जाते की ती छापणाऱ्यालाच ओळखू येऊ नये. पायलटच्या चुकीइतकाच दोष मला या गठ्ठ्याचाही वाटतो. चौकशी करणाऱ्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डानंही या सूचना देण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले.

खुणा काय कमी होत्या? धावपट्टीच्या कडांना पांढरे दिवे असतात, टॅक्सी-वेच्या मध्यावर हिरवे. बंद पट्टीच्या टोकाला दिव्यांची भलीमोठी फुली चमकत होती. पण मन एकदा बसलं की खुणा दिसूनही दिसत नाहीत. शिवाय पायलटांच्या घरच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजलेले. मुख्य पायलट तर एकोणीस तासांहून जास्त वेळ जागा होता.

यातली मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. खाली काही दिवे आहेत, हे पायलटना खटकलं होतं. त्यांनी कंट्रोल टॉवरला विचारलंही, धावपट्टीवर दिवे दिसतायत, ती मोकळी आहे ना? टॉवरमधल्या माणसानं पाहून सांगितलं, २८ उजवी मोकळी आहे, तुमच्याशिवाय तिथं कुणी नाही. तो खरंच बोलत होता. २८ उजवी रिकामीच होती. पण हे विमान तिच्यावर येतच नव्हतं! शंका आली, विचारली, उत्तरही खरं मिळालं आणि त्या खऱ्या उत्तरानं चुकीची खात्री आणखी घट्ट झाली.

पुढच्या काही सेकंदांचं काय सांगू! रांगेतल्या पहिल्या विमानाच्या पायलटनं रेडिओवरून ओरडून विचारलं, हा चाललाय कुठे, हा तर टॅक्सी-वेवर आलाय. दुसऱ्या विमानानं आपले मोठे दिवे लावले. एअर कॅनडाचं विमान तोवर पहिल्या विमानाच्या डोक्यावरून जेमतेम शंभर फुटांवरून गेलं होतं. याच सुमारास दोन्ही पायलटना हे काहीतरी बरोबर नाही असं वाटलं आणि त्यांनी विमान वर खेचलं. तरी दुसऱ्या विमानावरून जाताना ते जमिनीपासून फक्त सुमारे ६० फुटांवर होतं. त्या दुसऱ्या विमानाचं शेपूटच पन्नास फुटांहून उंच! पाच विमानांत मिळून हजाराच्या आसपास माणसं होती. कुणाला ओरखडाही उठला नाही. फेरी मारून ते विमान परत आलं आणि योग्य धावपट्टीवर उतरलं.

बोर्डानं २०१८मध्ये निष्कर्ष दिला, त्यात हा 'अपेक्षेचा चकवा' नाव घेऊन नोंदवला आहे. तोवर नियमही बदलले होते. शेजारची पट्टी बंद असेल तर रात्री नुसत्या नजरेवर भिस्त ठेवून उतरायचं नाही, यंत्राच्या मदतीनंच उतरायचं.

आता म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. तर आपल्या मुंबईचंच घ्या. जुहूचा छोटा विमानतळ १९२८चा. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते इथंच. थोड्याच अंतरावर सांताक्रूझचा मोठा विमानतळ, आणि दोन्हीकडच्या धावपट्ट्यांची दिशा जवळपास एकच. समुद्रावरून येणाऱ्या पायलटला आधी दिसतो जुहू. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. लोक हसले असतील. पण १९ वर्षांनी, सप्टेंबर १९७२मध्ये, जपान एअरलाइन्सच्या भल्यामोठ्या डीसी-८ विमानानं अगदी तेच केलं! पट्टी अपुरी पडली, विमान पुढं जाऊन मोडलं ते कायमचंच. नशिबानं कुणी दगावलं नाही. लंडनलाही १९६०मध्ये असाच घोटाळा झाला, हीथ्रोला जाणारं जेट शेजारच्या नॉर्थोल्टच्या तळावर उतरलं. तिथं मग वाटेवरच्या गॅसच्या प्रचंड टाक्यांवर दोन्ही विमानतळांची अक्षरं रंगवून ठेवली, वरून वाचता येतील अशी. मला हा उपाय फार आवडला. आमच्या सासूबाई मिठाच्या आणि पिठीसाखरेच्या डब्यांवर गेरूनं खूण करतात, त्याच जातीचा.

पण सगळ्या गोष्टी अशा नशिबानं सुटत नाहीत. २००८च्या ऑगस्टमध्ये माद्रिदला स्पॅनएअरचं विमान उडताच कोसळलं, १५४ माणसं गेली. उड्डाणाआधी पंखांच्या मागच्या झडपा, फ्लॅप्स म्हणतात त्यांना, खाली करायच्या असतात. त्या झालेल्याच नव्हत्या. पण शेवटची यादी म्हणताना को-पायलटनं फ्लॅप्सचा आकडा बरोबर म्हटल्याचं रेकॉर्डिंगमध्ये आहे. तोंड आकडा म्हणत होतं, काटा शून्यावर होता. इशारा देणारी यंत्रणाही त्या दिवशी वाजली नाही. रोजची यादी रोज म्हणून म्हणून तिची आरती होते, हेच खरं. हात टाळ्या वाजवत असतात आणि मन दुधावर!

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले.

८ जानेवारी १९८९. ब्रिटिश मिडलंडचं विमान संध्याकाळी लंडनहून बेलफास्टला निघालं. आत १२६ जण. वर चढत असताना डाव्या इंजिनातलं एक पातं तुटलं. विमान थरथरू लागलं, जळका वास आला, कॉकपिटमध्ये धूर शिरला. मुख्य पायलटनं विचारलं, कुठलं इंजिन? को-पायलट म्हणाला, डा... उजवं. उजवं का? मुख्य पायलटच्या मनात होतं की केबिनमधली हवा बहुतेक उजव्या इंजिनाकडून येते, म्हणजे धूरही तिकडचाच. आधीच्या मॉडेलपुरतं ते बरोबर होतं, हे मॉडेल नवं होतं. त्यांनी उजव्याचा जोर कमी केला आणि योगायोग असा की त्याच वेळी थरथर थांबली. स्वयंचलित यंत्रणा सोडल्यामुळे डाव्या इंजिनाला जाणारं इंधनही कमी झालं होतं, म्हणून! पण पायलटना वाटलं, बघा, आपलं बरोबर होतं. चांगलं इंजिन बंद झालं आणि मोडकं चालू राहिलं.

पायलटनं प्रवाशांना माइकवरून सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड झालाय, ते बंद केलंय, आता काळजी नाही. मागे बसलेल्या काही जणांनी मात्र डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पायलट 'उजवं' म्हणतोय हे ऐकून ते गोंधळले आणि कुणीही काही बोललं नाही. केबिनमधल्या तिघा कर्मचाऱ्यांनीही आग पाहिली होती. त्या धावपळीत पायलटचा 'उजवं' हा शब्द त्यांच्या ध्यानातच आला नाही.

मी किती वेळा स्वतःला त्या सीटवर बसवून पाहिलंय! मी बोलले असते का? खिडकीतून मला ज्वाळा दिसतायत. माइकवर भारदस्त आवाज सांगतोय, उजवं. मी काय विचार केला असता? 'त्यांना जास्त कळतं. त्यांचं उजवं म्हणजे आपलं डावं असेल. उगाच हसं व्हायचं.' शेजारच्या माणसाकडे बघितलं असतं, तोही गप्प, म्हणजे ठीकच असेल. आणि पदर सावरून बसले असते. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय काय? मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.

साधारण वीस मिनिटं ते विमान त्या मोडक्या इंजिनावर उडत होतं. एकदा पायलटनं स्वतःच उजळणी सुरू केली होती, आपल्याला नेमकं दिसलं काय होतं म्हणून. चकवा सुटण्याची वेळ आली होती हो! पण तेवढ्यात रेडिओवर निरोप आला, उत्तर द्यावं लागलं आणि ती उजळणी तिथंच राहिली. हिशेब करत असताना फोन वाजला की पुन्हा कुठून सुरुवात करायची ते आपल्यालाही आठवत नाही. इथं त्या एका अडथळ्याची किंमत फार मोठी होती. उतरायच्या वेळी जोर हवा म्हणून इंजिनाला ताण दिला आणि ते बंद पडलं. ईस्ट मिडलंड्सची धावपट्टी समोर दिसत असताना विमान केगवर्थ गावाजवळ हमरस्त्याच्या बांधावर आदळलं. ४७ माणसं गेली. दोन्ही पायलट वाचले, जबर जखमी होऊन.

चौकशीच्या अहवालात मग एक शिफारस आली: पायलट आणि केबिनमधले कर्मचारी यांनी संकटात एकमेकांशी कसं बोलायचं, याचं शिक्षण एकत्र द्या. विमान कंपन्यांमध्ये असं शिक्षण त्याआधीच सुरू झालं होतं. १९७७मध्ये टेनेरीफला धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली, तेव्हापासून. तिथं एका इंजिनिअरनं शंका बोलून दाखवली होती, समोरची पट्टी मोकळी झाली नाही का म्हणून. कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ, नव्या पायलटना शिकवणारा. त्यानं ती ठामपणे उडवून लावली. आज को-पायलटला शिकवतात की शंका दडवायची नाही, स्पष्ट शब्दांत बोलायची. आणि कॅप्टनला शिकवतात की रागवायचं नाही. मला विचाराल तर हे दुसरं शिक्षण जास्त अवघड!

अजून एक बारीकशी गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. टॉवरनं सूचना दिली की पायलट नुसतं 'हो' म्हणत नाही, अख्खी सूचना परत म्हणून दाखवतो. कुठली पट्टी, किती उंची, सगळं. चुकलं तर टॉवरवाला तिथंच अडवतो. जपानमधले रेल्वेचालक तर सिग्नलकडे बोट दाखवून त्याचा रंग मोठ्यानं म्हणतात. बघणाऱ्याला गंमत वाटते, पण बोट आणि तोंड कामाला लागलं की नजरेला फसवता येत नाही. आमच्या घरी अण्णांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या दिसायला सारख्याच, छोट्या पांढऱ्या. आधी मी विचारायची, "अण्णा, हीच ना बीपीची?" ते चष्मा न लावताच म्हणायचे, "हो हो, तीच." हल्ली पट्टी त्यांच्या हातात देते आणि विचारते, "ही कसली, वाचा बरं." 'हीच ना?' या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या पायलटनं 'मोकळी आहे ना?' ऐवजी 'मी नेमका कुठे येतोय?' असं विचारलं असतं तर, असं मला राहून राहून वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे पुन्हा लग्न निघालं, ह्यांच्या मावसबहिणीच्या मुलीचं. प्रूफ आलं. अण्णांनी ते हातात घेतलं, वाचलं नाही, सरळ पुतणीला हाक मारली. ती आता कॉलेजात आहे. तरी तिनं तसंच अक्षरावर बोट ठेवून, 'श्री गजानन प्रसन्न'पासून 'कृपया आहेर आणू नये'पर्यंत मोठ्यानं वाचलं. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. एक चूक निघाली. ती निमंत्रकांच्या यादीत होती, माझ्याच नावात, आणि पाच मिनिटांपूर्वी मी ते नाव वाचून "ठीक आहे" म्हणाले होते.